आपोआप 'ठीक आहे'

नवरा नेटवर्कचा माणूस. ऑफिसात असते तशी एक फायरवॉल त्याने घरीही चपलांच्या कपाटावर बसवली होती. इंटरनेटच्या दारावरची पहारेकरीणच ती. एवढ्याशा घरात राखण्यासारखं होतं काय, तर आईच्या मालिका आणि बायकोचे नोकरीचे अर्ज. पण हौसेला मोल नसतं.

आज बायकोची मुलाखत होती. इतकी वर्षं घर सांभाळल्यावर आलेली पहिली, तीही लॅपटॉपवरून. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते बघून आपणही काहीतरी करावं म्हणून त्याने सकाळी फायरवॉलची कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे तिच्या नियमांची यादी, उघडली. बायकोच्या लॅपटॉपला मोकळी वाट, बाकी सगळं बंद. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि पहिला लागू पडेल तिथेच थांबते. हा मनुष्य हे दुसऱ्यांना शिकवतो. त्याने 'सगळं बंद' सर्वांत वर लिहिलं.

बायकोच्या लॅपटॉपचं नेट गेलं. आईच्या मालिकेतली सासू तोंड उघडं ठेवून गोठली. फायरवॉल त्यालासुद्धा आत घेईना. कुंपणानेच शेत खाल्लं.

"काही होत नाही," तो म्हणाला. "माझी स्क्रिप्ट आहे ना, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. नवी फाइल टाकली की ती पाच मिनिटं वाट बघते. मी 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर जुनी फाइल आपोआप परत."

"मुलाखत तोंडावर आलीय," बायको एवढंच म्हणाली.

पाच मिनिटं होऊन गेली. जुनी फाइल काही आली नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने फायरवॉल बंद करून चालू केली. ती नवीच फाइल घेऊन उठली. मग त्याला आठवलं. आपण चहाला उठलो की ही स्क्रिप्ट केलेलं काम उलटवते, म्हणून वैतागून त्यानेच आत दुसरी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. ती चौथ्या मिनिटाला त्याच्या वतीने 'ठीक आहे' म्हणायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आता वायर लावून थेट आत शिरायचं, एवढाच मार्ग उरला.

"आई, इथली निळी वायर कुठेय?"

"ती होय? माळ्यावरच्या गादीला बांधलीय. सुतळीपेक्षा बरी."

आईची गाठ सहजासहजी सुटत नाही. तो स्टुलावर चढून नखं झिजवत राहिला. बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मोबाइल घेऊन बाहेर गेली. घरात मोबाइलला रेंज नव्हती, जिन्याच्या कोपऱ्यात तेवढी मिळायची. दारामागून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने ती आत आली.

"घेतलं त्यांनी मला. सोमवारपासून."

आनंदाने तो स्टुलावरून पडता पडता वाचला. "तू काळजीच करू नकोस. तुझ्या कामासाठी मी फायरवॉलमध्ये खास नियम लिहितो, घरून काम करताना तुला कधी..."

"तेही विचारलं त्यांनी. घरून काम कराल की ऑफिसातून." तिने पायातल्या चपला काढून फायरवॉलखालच्या कपाटात नीट ठेवल्या. "त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी ऑफिस म्हणून मोकळी झाले."

तो पुन्हा गाठीकडे वळला.

"ठीक आहे," तो म्हणाला. या वेळी ते त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं.