कुलपातच राहिलेली किल्ली

मी एक जुनी डिस्क आहे, मित्रांनो. लॅपटॉपच्या खालच्या झाकणाआड माझा मुक्काम असतो. लोक स्क्रीन पुसतात, कीबोर्ड झटकतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही. साठवते मात्र सगळं मीच.

सावद्याच्या नूतनताईंनी मला जळगावहून आणलं. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम त्या बघतात. दुकानात लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हाच माझ्यावरच्या माहितीला आपोआप कुलूप लागलं. आजकाल बऱ्याच लॅपटॉपांत तसं होतं. पण त्याची किल्ली काढून ठेवण्यासाठी ऑनलाइन खातं जोडावं लागतं. "ती कटकट नको, नुसता पासवर्ड टाकून द्या," ताई म्हणाल्या. झालं! कुलूप लागलं आणि किल्ली त्यातच राहिली. पासवर्ड फक्त लॅपटॉपच्या दारात अडवतो; मला बाहेर काढणाऱ्याला सगळं वाचता येणार होतं. मला हे ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

पुढे ज्योती नाव नोंदवायला आली. घटस्फोट घेऊन तिने सासर सोडलं होतं. सासरचे माहेरीही दारात येऊन धिंगाणा घालत, म्हणून ती धुळ्यात खोली घेऊन राहत होती.

"अक्का, पत्ता मेळाव्याच्या पुस्तकात छापू नका. त्याईले कळला तर मले तिथूनबी उठा लागीन."

"नही छापत. लॅपटॉपमधीच राहीन. पासवर्ड हाये त्याले."

ज्योतीने विश्वास ठेवला. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मेळावा धुळ्याला होता. ताईंनी लॅपटॉप एका बियाणे कंपनीच्या फुकट मिळालेल्या पिशवीत घातला. तशी पिशवी आपल्याकडे घरटी एक असतेच. बसमध्ये शेजारी बसलेल्या गिरधरनानांकडेही होती. धुळ्याला ताई चुकून नानांची पिशवी घेऊन उतरल्या आणि मी नानांबरोबर शिंदखेड्याला गेले.

नाना सज्जन माणूस. ज्याची वस्तू त्याला मिळावी, म्हणून ते थेट नीलेशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"नाना, पासवर्ड शे. पन डिस्क काढीसन देखू. नाव सापडी जाई."

त्याने मला काढून आपल्या संगणकाला जोडलं. मी मुकाट्याने उघडले. ताईंनी शेवटची पाहिलेली माहिती ज्योतीची होती. लॅपटॉप तिचाच समजून नीलेशने त्यातला नंबर लावला.

"तुम्ही ज्योती ना? देवपुरात, पाण्याच्या टाकीमागे राहता?"

पलीकडून फोन एकदम बंद झाला. नीलेशला काही कळेना. त्याने पुन्हा माझ्यात शोधून ताईंचा नंबर काढला.

दुसऱ्या दिवशी ताई आणि ज्योती दोघी आल्या. ज्योतीचा चेहरा उतरला होता.

"पासवर्ड होता ना गं," ताई हळूच म्हणाल्या.

"मंग त्यानं माह्या पत्ता वाचला कसा, अक्का?"

नीलेशने मला परत बसवलं आणि सेटिंग उघडून दाखवली. खातं न जोडल्यामुळे कुलूप पूर्ण लागायचं अजून बाकी असल्याचं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. ताईंनी तिथेच बसून खातं जोडलं. किल्ली त्या खात्यात गेली, तिची एक प्रत कागदावर उतरवून त्यांनी घरच्या कपाटात ठेवली. आता मला कोणी उपसून काढलं, तरी माझ्यातलं एक अक्षर त्याला लागणार नाही.

मित्रांनो, कुलूप आपोआप लागतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते पूर्ण लागलं आहे का, किल्ली कुठे आहे, हे एकदा स्वतः उघडून बघा. आतला पत्ता नेहमी तुमचाच असतो असं नाही.

ज्योतीने त्याच आठवड्यात खोली बदलली. नवा पत्ता माझ्यात नाही. ताईंनी विचारला होता. ती नुसती हसली आणि म्हणाली, "राहू द्या, अक्का."