आबांचा उजवा कान

भिंगरीने आबांचं नाक चिमटीत धरलं आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. सातव्या आकड्याला आबांचं तोंड उघडलं, घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला आणि ते आरामखुर्चीत ताडकन उठून बसले.

"अगं ए बये! मारतेस की काय म्हाताऱ्याला?"

"उलट वाचवलं," नात म्हणाली. "तुम्ही श्वास घ्यायचा विसरला होतात."

दुपारच्या झोपेतून असं वाचवलं जाण्याची आबांची ही सलग आठवी खेप. आधी तिने त्यांना नुसतं हलवून पाहिलं होतं, काल कानात शिट्टी फुंकली होती. आज थेट नाक.

आबांनी चाळीस वर्षं शहराच्या पाण्याच्या पंपघरात काढली होती आणि तितकीच थापा मारण्यात. दोन्ही कामं त्यांनी एकही रजा न घेता केली. एकदा त्यांनी पंप जरा जोरात सोडला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या नळातून हातभर मासा बाहेर आला आणि बाईंनाच म्हणाला, 'दार लावा, गारठा येतोय.' ही हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. थाप मारताना आबांचा उजवा हात उजव्या कानाची पाळी ओढत राहतो, हेही सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे आबांचं बोलणं घरात कुणी ऐकत नसे, बघत असे. इतक्या वर्षांच्या ओढाओढीने तो कान डाव्यापेक्षा बोटभर लांब झालाय, असं त्यांची सून सांगायची. ती मात्र सुनेची थाप.

"श्वास असा विसरता येत नाही," आबा म्हणाले. "मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच्या टोकाला एक देठ असतो. अंगठ्याएवढा. तो बघतो ते."

भिंगरीने कानाकडे पाहिलं. हात मांडीवरच होता.

"अंगठ्याएवढा?"

"तेवढाच. पुस्तकात त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, पण एवढ्या भारदस्त नावाला तो ओ देत नाही. असं समज, वरचा मोठा मेंदू म्हणजे नगरपालिकेची कचेरी. गणितं, भांडणं, आठवणी, सगळा गोंधळ तिथे. आणि देठ म्हणजे आमचं पंपघर. कचेरी झोपली म्हणून आम्ही कधी पाणी तोडलं का? श्वास घ्यायचा, छातीची धडधड कमीजास्त करायची, घास गिळायचा, ठसका द्यायचा, सगळे खटके त्याच्या हाताशी. पायाला हुकूम जायचा तोसुद्धा त्याच्या दारावरून."

"थाप."

"मग कान बघ की!"

कान जागच्या जागी होता. माशाच्या हकीकतीपेक्षा मोठी थाप, आणि कानाला हात नाही! भिंगरी गोंधळली.

"दाखवा मग."

"धर श्वास रोखून. बघू तरी, तुझा हट्ट मोठा की तुझा देठ."

भिंगरीने गाल फुगवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे वटारले. चेहरा आधी गुलाबी झाला, मग लालबुंद. तेहतिसाव्या सेकंदाला फुस्स झालं.

"मी नाही सोडला," ती धापा टाकत म्हणाली. "आपोआप सुटला!"

"रक्तात वापरलेली हवा साचली की देठाला कळतं. मग तो तुझी परवानगी मागत बसत नाही. 'बाजूला व्हा बाई' म्हणतो आणि स्वतः खटका ओढतो. झोपेतही तेच. माझा देठ एकाहत्तर वर्षं कामावर आहे, तुझ्या चिमट्यांशिवाय."

भिंगरी हसली नाही. खुर्चीच्या हातावर टेकून ती फ्रॉकचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळू लागली.

"मग आजीच्या देठाने का नाही ओढला?"

महिन्यापूर्वी, अशाच एका दुपारी, समोरच्या पलंगावर झोपलेली आजी उठलीच नव्हती. पलंगावर तिची चादर अजून घडी घालून ठेवलेली होती. आबा त्या घडीकडे बघत राहिले. नळातला मासा काही त्यांच्या मदतीला आला नाही.

"तिचं हृदय थांबलं," ते म्हणाले. "देठापर्यंत रक्तच पोचेना. वीजच गेली तर पंपवाला काय करणार?"

"आई म्हणाली होती, आजीजवळ बस." दोरा बोटात रुतला. "मी खाली दोरीवरच्या उड्या मारत होते. एकशेचार झाल्या. शंभरावर थांबून वर आले असते, तिला हलवलं असतं, तर उठली असती?"

आबांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मग खुर्चीचं कापड सारखं करायचं असावं तसा त्यांनी तो हळूच मांडीखाली सारला आणि त्यावर सगळा भार टाकला.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

भिंगरीची नजर कानावर खिळली होती. कानाला कुणीच हात लावला नाही.

"नक्की?"

"नक्की."

तिने बोटाचा दोरा सोडवला.

"झोपा तुम्ही," ती म्हणाली. "आज नाही उठवणार."

पण आधी तीच झोपली, त्यांच्या खांद्याला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून. श्वास येत होता, जात होता. आबांनी मांडीखालचा हात सोडवून घेतला. त्याला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी दोनतीनदा मूठ मिटली, उघडली. मग त्यांना न विचारताच तो हात कानाकडे गेला.