धोंडीरामला भाव विचारला नाही

आमच्या खोलीत शुक्रवारचा स्वयंपाक अबूबकरकडे. रत्नागिरीचा गडी. कोळंबीचं कालवण असं करायचा की इथं आखातात, इंडस्ट्रियल एरियातला आमचा सगळा मजला वासानं जागा व्हायचा. धोंडीराम सातारचा. तो शेजारी बसून तांदळाच्या भाकरीला नावं ठेवायचा, आन् चार खायचा. मी बस चालवतो, मी नुसता खायचो.

ते दिवस गेले पाण्याच्या कूलरपायी.

अबूबकर एका सरकारी ऑफिसात खरेदीच्या कामाला. एशियन टाउनजवळच्या बस स्टॉपवर कूलर बसवायचे होते. नियम असा की तीन दुकानांचे भाव घ्यायचे, मग ऑर्डर. यानं दोनच घेतले. सोडलेलं तिसरं दुकान म्हणजे धोंडीराम सेल्समन होता ते.

धोंडीरामला कळलं तसं त्यानं ताट बाजूला सारलं. "एका ताटात जेवतोय आपण, आन् भाव विचारायला मी परका?"

"दोस्त हायस म्हणून तर नाय विचारलं," अबूबकर म्हणाला. "लोक बोलले असते, खोलीतल्याला दिलं."

"नसतं द्यायचं मग. विचारायचं तरी."

पुढं ऑडिटवाल्यांनी फाईल धरली. नियम मोडला हे अबूबकरनं लगेच कबूल केलं. पण शिक्षा ठरणार होती, त्यापायी लोकांचं काय बिघडलं त्याच्यावर. काय बिघडलं नसंल तर समज देऊन खलास. बिघडलं असंल तर नोकरी गेली. आन् हे विचारायला, सोडलेल्या दुकानाचा माणूस म्हणून बोलावलं कुणाला, तर धोंडीरामला.

गाडीतनं नेताना मी म्हणालो, "काय नुकसान नाय म्हण आन् ये."

"दुपारचं त्या कूलरचं पाणी प्यालायस का तू?"

प्यालो होतो. मशीन बारकं, लाईन मोठी. पुढच्या चारजणांनी बाटल्या भरल्या की मागं उरायचं ते अंघोळीचं गरम पाणी.

आत अबूबकरसमोरच ऑडिटच्या साहेबानं विचारलं, तुमचं नुकसान झालं का?

"माझं नाय झालं, साहेब. उन्हात लाईनीत उभं राहणाऱ्यांचं झालं. त्याच भावात आमच्याकडं मोठं मशीन होतं. विचारलं असतं तर कळलं असतं."

अबूबकर त्याच्याकडं बघून एवढंच बोलला, "खरं हाय."

नोकरी गेली. जायच्या आधी शेवटच्या शुक्रवारी त्यानं कालवण केलं. धोंडीरामनं भाकरीला नावं ठेवली नाहीत. एअरपोर्टवर बॅग मात्र धोंडीरामनंच उचलली.

नवीन खरेदीत धोंडीरामच्या दुकानाकडं भाव मागितला, तर हा मालकाला म्हणाला, यावेळी दुसऱ्याला पाठवा. आता स्टॉपवर मोठी मशीनं बसलीत. कुणाची, ते मी बघितलं नाही.

कालवण आता मी करतो. वास दारापर्यंतसुद्धा जात नाही. शुक्रवारी रत्नागिरीवरनं फोन येतो. आधी मला विचारतो, कोकम किती घातलंस. मग म्हणतो, धोंड्याला दे. तो काय विचारतो ते मला ऐकू येत नाही, पण ठाऊक हाय. कारण धोंडीराम दरवेळी एकच उत्तर देतो.

"पाणी गार हाय रं. दात ठणकत्यात."