दाराखालची पाचर

मी एक जुनी पाचर आहे. लाकडाची, बोटभर उंच, एका टोकाला निमुळती. मित्रांनो, पाचर मारली की काम अडतं, असं मोठी माणसं म्हणतात. मी फक्त दार अडवते. तेही उघडं.

जन्म. मोडक्या खुर्चीच्या पायातून दादांनी मला कापलं. सुतारकामाशी त्यांचं वाकडं, म्हणून मीही वाकडी.

"अहो, ही पाचर आहे की उष्टा मुळा?" त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, हसल्या होत्या.

"दार उघडं राहिल्याशी कारण," दादा म्हणाले.

काम. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी लोकगीतांची बैठक भरे. बैठक वहिनींची. दार दादांचं. पायाच्या अंगठ्यानं ते मला दाराखाली सरकवत. गाणं जिना उतरे आणि माणसं जिना चढत. नवं कुणी दिसलं की वहिनी सतरंजीवर सरकून जागा करत. "बसा. येत असेल ते म्हणा. येत नसेल तर टाळ्या वाजवा."

कौतुक. ढोल वाजवणारे शिंपीकाका एकदा म्हणाले, "आपल्या गळ्यांपेक्षा या पाचरीनंच जास्त माणसं गोळा केली." एवढंच.

मग दादा गेले.

मला काही वाटलं नाही. लाकूड आहे.

बैठक चालू राहिली. सतरंजी, पाण्याचा माठ, आधी कोण गाणार, मग कोण, वहिनींनी सगळं जिथल्या तिथं ठेवलं. मला मात्र कुणी हात लावला नाही. ते दादांचं काम. ते आपण कसं करायचं? सगळ्यांनी मान राखला. मी चपलांमागे धूळ खात पडले. दार आपसूक मिटे. जुनी माणसं ते ढकलून येत. नवं कुणी येईना.

"लोकांना आवड राहिली नाही," वहिनी एकदा म्हणाल्या. भाजी संपली म्हणावं, तसा आवाज. "पुढच्या गुरुवारी शेवटचं बसू. मग खोलीची किल्ली देऊन टाकू."



शेवटचा गुरुवार. दोन गाण्यांच्या मध्ये दारावर टकटक झाली. वहिनींनी उघडलं. बाहेर एक बस चालवणारा, अंगावर कामाचाच गणवेश.

"बरेच गुरुवार जिन्यात बसून ऐकतोय. आज म्हटलं विचारावं. परक्या माणसाला चालतं का?"

"अहो, मग आत नाही का यायचं? आम्ही कडी लावतच नाही!"

"बाहेरून ते कसं कळणार, ताई? नुसतं बंद दार दिसतं."

वहिनी उभ्याच राहिल्या. मग चपला पायानं बाजूला सारू लागल्या. मी सापडले. अंगठ्यानं त्यांनी मला दाराकडे ढकललं. दार सरकलं. पुन्हा ढकललं.

"उलटी लावलीत, वहिनी," शिंपीकाका म्हणाले.

"गप्प बसा हो. शिकतेय."

तिसऱ्यांदा मी बसले. सतरंजीवर वहिनींच्या शेजारची जागा दादा गेल्यापासून रिकामी होती. तिथंच त्यांनी त्या बसचालकाला बसवलं. किल्लीचा विषय निघाला नाही.

मला अजूनही फारसं काही वाटत नाही. पाठीवर दार, पोटाखाली फरशी. कुणी जिना चढलं की फरशी जराशी थरथरते, तेवढं कळतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून ठेवू नका. वापरा. आपलं माणूस गेलं, तर त्याचं एखादं काम उचला. उलटंसुलटं झालं तरी चालेल.

आता जरा सरका. कुणीतरी वर येतंय.