आरशाची मॅच

"मनगट सैल सोड! तो असा कुठे मारतो? रंधा मारल्यासारखा मारतो तो, रंधा!"

सरांचा आवाज टेबल टेनिसच्या सराव-हॉलच्या छताला लागून परत आला. आरशाने मान हलवली, डाव्या हातातली बॅट तिरपी केली आणि खरोखरच लाकडावरून रंधा फिरवावा तशी सर्व्हिस केली. पलीकडे उभ्या असलेल्या छोट्याच्या बॅटला लागून बॉल भलतीकडेच उडाला.

"हां! आता झाला सुतार," सर खूश होऊन म्हणाले.

सुतार म्हणजे दुसऱ्या देशाचा डावखुरा खेळाडू. त्याचं खरं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून संघाने त्याचं परस्पर बारसं करून टाकलं होतं. छोटा हा संघातला सगळ्यात मोठा खेळाडू, वय एकवीस आणि उंची सहा फूट. आणि आरसा म्हणजे आरसा. खंडातल्या सगळ्या देशांची स्पर्धा होती, वीस खेळ होते, हजारो खेळाडू होते. त्यांत आरशाचं काम एवढंच, की उद्या छोट्यासमोर जो येणार असेल तो आज आरशाने व्हायचं. संघात तो पाचवा. चार जणांनी खेळायचं आणि पाचव्याने त्यांना खेळवायचं, असा चौदा वर्षांचा शिरस्ता. तो सात जणांची हुबेहूब नक्कल करी. सुताराची तर त्याने आठ महिने केली होती, आणि त्याच जोरावर छोट्याने चार दिवसांपूर्वी सांघिक सामन्यात सुताराला पाणी पाजलं होतं. वर्तमानपत्रांत छोट्याचा फोटो आला. फोटोच्या कोपऱ्यात कुणाचा तरी कोपर दिसत होता, तो आरशाचा.

आता पुरुष एकेरी सुरू होती. देशाची दोनच नावं, छोटा आणि कॅप्टन. कॅप्टनची गाठ उद्याच सुताराशी होती, पण सर त्या भानगडीत पडले नव्हते. कॅप्टन हरणार आणि छोटा फायनलला सुताराशी भिडणार, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, म्हणून आजचा सुतारही छोट्यासाठीच होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि कॅप्टन आत आला. काटकोनात वाकून आला.

"काय झालं रे?"

"शिंकलो," कॅप्टन कण्हत म्हणाला. "नुसता शिंकलो, सर. कंबरच धरली."

हसावं की रडावं ते कुणाला कळेना. सरांनी घड्याळ पाहिलं. नाव बदलायला पाचपर्यंत मुदत होती आणि साडेचार वाजले होते. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. बाकीच्या दोघांची नावं दुहेरीत अडकलेली. नजर फिरत फिरत आरशावर आली आणि थांबली, कारण पुढे भिंतच होती.

"तू जा," सर म्हणाले.

आरशाला वाटलं, आपल्याला फॉर्म आणायला पाठवताहेत. तो निघालासुद्धा.

"अरे, कुठे चाललास? उद्या तू खेळायचंस."

त्यानंतर आरशाचं कशात लक्ष लागेना. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बांधल्या, पुन्हा सोडल्या. खोलीत गेला, बॅट पुसली, परत हॉलमध्ये आला, तिथेही करमेना म्हणून बाहेरच्या पायऱ्या मोजल्या. तेहतीस होत्या, त्याच्या वयाएवढ्या. पुढच्या वेळी, चार वर्षांनी, तो सदतिसाचा असणार आणि आरसा म्हणूनही कुणी नेणार नाही, हे त्याला माहीत होतं. एरवी पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक टेबलावर दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडे करायची आणि सुट्टी काढून इथे दुसऱ्यांचे फटके मारायचे. आयुष्यात एक मॅच, फक्त एक, स्वतःच्या नावावर जिंकायची त्याला भारी हाव होती. आजवर ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. लोक हसले असते.

त्याने बायकोला फोन लावला. ती नर्स, वॉर्डमध्ये होती.

"कुणाशी आहे?" तिने विचारलं.

"सुताराशी."

"मग सोपंच की. तुला तर तो पाठ आहे."

"हो ना," आरसा म्हणाला, आणि का कोण जाणे, पुन्हा पायऱ्या मोजायला गेला.

सकाळी दहा वाजता त्याचं नाव पुकारलं. भलं मोठं स्टेडियम, चार टेबलं, वर दिव्यांचा झगझगाट. सुतार समोर येऊन उभा राहिला. जवळून पाहिल्यावर तो थोडा म्हातारा वाटला. आरशाने बॉल तळहातावर ठेवला, वर उडवला आणि त्याच्या हाताने आपोआप रंधा मारला.

सुतार बघतच राहिला. त्याचीच सर्व्हिस त्याच्याच अंगावर आली होती. बॉल नेटमध्ये गेला.

पुढचीही तशीच. सर्व्हिस करण्याआधी सुतार टेबलावर बोटं टेकवी, आरसाही टेकवी. सुतार खांद्याला घाम पुसे, आरशाचाही खांदा वर जाई. एकदा तर दोघं एकाच वेळी नेटजवळ तळहात पुसायला आले, तसे प्रेक्षक खो खो हसले. आरसा ओशाळला. हे सगळं तो मुद्दाम करत नव्हता, आठ महिन्यांत ते अंगात मुरलं होतं. पण पॉइंट मिळत होते. पहिला गेम अकरा-सहा, दुसरा अकरा-आठ.

"हेच! हेच चालू ठेव!" खुर्चीवरून सर ओरडले. आता त्यांनाही जिंकण्याची स्वप्नं पडायला लागली होती. सातपैकी चार गेम जिंकायचे होते आणि दोन खिशात होते.

मग सुतार टॉवेलात तोंड खुपसून बराच वेळ उभा राहिला. परत आला तो वेगळाच माणूस. स्वतःच्या खेळात कुठे भोक आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बिचारा जन्मभर तीच भोकं बुजवत आला होता. त्याने आखूड बॉल उजवीकडे टाकला, मग जोरात बरोबर कोपरावर. आरसा सुतारासारखाच अडखळला. पुन्हा आखूड, पुन्हा कोपर. तिसरा गेम गेला, चौथा गेला, पाचवा गेला.

सहाव्यात सरांनी टाइमआउट घेतला.

"छोट्यासारखा खेळ," ते म्हणाले. "छोट्याने त्याला कसा हरवला, तू समोर उभा राहून रोज पाहिलंस ना? तसाच खेळ."

"सर," आरसा धापा टाकत म्हणाला, "मी माझा खेळू का?"

"तुझा कुठला?" सरांनी विचारलं.

त्यात कुजकटपणा अजिबात नव्हता. सरांना खरोखरच आठवत नव्हतं. आरशाला ते टोचलं, फार टोचलं, पण वाद घालायला वेळ नव्हता, आणि सरांशी वाद घालायची सवय तर त्याला मुळीच नव्हती. तो गेला आणि छोटा झाला. पाय लांब टाकले, लांबून फटके मारले. सुतार गडबडला. सहावा गेम आरशाने अकरा-नऊने काढला. तीन-तीन.

पण सुतार चार दिवस रिकामा बसला नव्हता. छोट्याने जिथे जिथे मारलं होतं, तिथे तिथे उत्तर तयार करून तो आला होता. शेवटच्या गेममध्ये बघता बघता दहा-चार झाले. सुताराला एकच पॉइंट हवा होता. सरांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली. ते आरशाने पाहिलं.

त्याला रागच आला. सरांचा आला, सुताराचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. सुतार होऊन झाला, छोटा होऊन झाला. आता उसनं घ्यायला कुणी उरलं नव्हतं. सुताराची सर्व्हिस आली आणि आरशाने विचारबिचार न करता बॅकहँड मारला. सपाट, आखूड, टेबलावर चापट मारावी तसा. एकोणीस वर्षांचा असताना तो असाच मारायचा. बॉल सुताराच्या बगलेखालून गेला.

पाच-दहा. दुसऱ्या सर्व्हिसलाही तेच. मग आरशाची सर्व्हिस. स्वतःची म्हणावी अशी त्याच्याकडे नव्हतीच, म्हणून त्याने शाळेतली पोरं करतात तशी साधी सरळ सर्व्हिस केली आणि बॉल परत येताच बॅकहँड ठेवून दिला. सात. आठ. हा माणूस कोण, हे सुताराला कळेना. कुठल्याच व्हिडिओत त्याने हा फटका पाहिला नव्हता. नऊ. लोक उठून उभे राहिले. दहा-दहा.

आरशाचे कान गरम झाले होते. पायांना जमीन लागत नव्हती. सर्व्हिस त्याची होती. त्याने बॉल तळहातावर घेतला.

"त्याची सर्व्हिस कर!" सर बेंबीच्या देठापासून ओरडले. "रंधा! रंधा मार!"

नको, असं आरशाचं मन म्हणत होतं. स्वच्छ म्हणत होतं. पण चौदा वर्षं सर बोलले की त्याचा हात आधी हलायचा. हात हलला, रंधा मारला गेला. सुतार त्याचीच वाट बघत होता. त्याने तो बॉल असा हाणला, की आरशाला दिसलासुद्धा नाही.

पुढचा पॉइंट लांब चालला. शेवटी आरशाने आपला तो बॅकहँड मारला, जीव तोडून मारला, आणि बॉल टेबलापलीकडे दोन बोटं बाहेर पडला. बारा-दहा. मॅच गेली.

हात मिळवताना सुताराने त्याचा हात सोडला नाही. प्रेक्षकांत छोटा बसला होता, त्याच्याकडे बोट केलं, मग आरशाच्या छातीकडे. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "त्याचा सराव... तू?"

आरशाने मान हलवली. सुताराने कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा एकदा त्याचा हात दाबला.

बाहेर बोळात सर भेटले. "मस्त खेळलास रे. नशीब आड आलं," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत पुढे म्हणाले, "चारला तीन नंबरच्या टेबलावर ये. छोट्याचा उद्याचा माणूस बॅट पेनासारखी धरतो. तेवढं बघून ठेव."

आरशाला बॅट भिंतीवर आपटावीशी वाटली. त्याने ती पिशवीत घातली. नशीब कशाला आड येतंय, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर सर निघून गेले होते. जेवण जाईना. आंघोळ करून आला तरी अंगाची लाही लाही होत होती. रंधा मारला, रंधा मारला, का मारला, एवढंच डोक्यात घोळत होतं. अडीचला तो खोलीत होता, तीनला पायऱ्यांवर, साडेतीनला पुन्हा खोलीत. चारला मात्र तीन नंबरच्या टेबलाशी हजर झाला.

"हं, पेनासारखी धर," सर म्हणाले.

"दादा, ते नंतर," पलीकडून छोटा म्हणाला. "आधी तो सकाळचा बॅकहँड मार ना. मला बघायचंय, मला घेता येतो का."

"आता कशाला ते?" सर म्हणाले. "उद्या त्याचा काय उपयोग?"

"दहा मिनिटं, सर."

आरशाने बॉल घेतला. पहिला नेटमध्ये गेला. दुसरा छोट्याच्या बॅटशेजारून सुटला. तिसराही सुटला. छोटा वाकला, पाय पसरले, डोळे बारीक केले. चौथा त्याच्या बोटांवर आदळला.

"आई गं!" छोटा बोटं झाडत हसला. "हा कुठे ठेवला होतास इतकी वर्षं?"

आरशाने पाचवा बॉल उचलला. सरांनी टाळी वाजवली.

"बरं, झालं कौतुक. आता पेनासारखी धर."

आरशाचा हात बॅटवर फिरला, पकड बदलायला लागला आणि मध्येच थांबला.

"थांबा, सर," तो म्हणाला. "अजून दहा बॉल माझे."

सर बाकावर जाऊन बसले. आरशाने टोपलीत हात घालून एक बॉल काढला, छोट्याने पाय रोवले, आणि सर बाकावरून मोजू लागले.