साधी फ्रेम

विक्रमने गाडीच्या मागून चादरीत गुंडाळलेली फ्रेम काढली आणि हेमचंद्रच्या गराजमधल्या बाकावर अलगद आडवी केली. चादर बाजूला सारताना तो नव्या बापासारखा हसत होता.

“यार्ड सेलला मिळाली, कुणाच्या तरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात. बघ ना, कुणी बनवलीय. मला काही आयडेंटिफाय करता येत नाही यार.”

माउंटन बाइकची जुनी पोलादी फ्रेम होती. चाकं नाहीत, हँडल नाही, नाव नाही. कुणीतरी घराला लावून उरलेला निळा रंग वरून फासून टाकला होता. दुसऱ्या कुणी ती भंगारात दिली असती. हेमचंद्रने मात्र नळ्यांच्या जोडावरून बोट फिरवलं आणि मग पुन्हा फिरवून पाहिलं. पितळ ओतून, कानशीने घासून एक नळी दुसरीत अशी उतरवली होती की कुठली कुठे संपते ते बोटाला कळू नये.

असं काम या भागात एकानेच केलं होतं. व्हरमाँट राज्यातला एल्डन. ऐंशीच्या दशकात त्याने आपल्या कोठारात बसून मोजक्याच फ्रेम हाताने केल्या आणि मग खुशाल मेंढ्या पाळायला लागला. निवृत्त झाल्यापासून हेमचंद्र त्यातली एक शोधत होता. हाती लागली होती ती तिची कारखान्यात बनलेली नक्कल. तीच भिंतीवर टांगलेली असे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावरचं व्याख्यान ऐकून मगच चहा मिळे.

आणि हा विक्रम! गेल्या वर्षापर्यंत याला सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हेमचंद्रच्या नादाने छंदाला लागला काय आणि एल्डन आयती याच्या पदरात पडली काय! हे नेहमीचंच होतं. इथे श्रूजबरी गावात दोघांनी एकाच सुमारास घरं घेतली, पण तळं दिसतं विक्रमच्या खिडकीतून. विक्रमची मुलगी जवळच राहते, नात केया येता-जाता डोकावते; हेमचंद्रचा मुलगा अमेय तिकडे लांब फ्रिस्कोला, फोनवर भेटणारा. विक्रमला या वयातही कंगवा लागतो. एवढी वर्षं हेमचंद्रने हे सगळं हसतखेळत गिळलं होतं. ही फ्रेम मात्र घशाखाली उतरेना. त्याचा नुसता जळफळाट झाला.

“तू नेहमी सांगतोस ती एल्डन तर नाही ना रे?”

“बघू या. यात घाई करून चालत नाही.”

त्याने भिंतीवरची आपली फ्रेम काढून शेजारी ठेवली. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. मग सीटची दांडी बसते त्या नळीच्या तोंडात व्हर्नियरची मोजपट्टी घालून त्याने दोन्हीकडे माप घेतलं. बाहेरून नळ्या सारख्याच, पण निळ्या फ्रेमचं भोक जरासं मोठं भरलं. म्हणजे पोलाद पातळ आणि उंची प्रतीचं. त्याने आपल्या फ्रेमवर नखाने टिचकी मारली. बद्द आवाज आला. निळीवर मारली तर ती देवघरातल्या घंटेसारखी वाजली आणि वाजतच राहिली. हेमचंद्रने घाईघाईने खोकून घेतलं.

आता एकच खूण उरली होती. त्याने फ्रेम उलटी केली आणि पेडल बसतात त्या आडव्या नळीखालचा रंग पात्याने खरवडला. निळ्याखालून मेपलचं कोरीव पान वर आलं. एल्डनची सही. विक्रम चष्मा सावरत वाकला, तसा हेमचंद्रने त्या पानावर अंगठा ठेवला.

“साधीच आहे रे,” तो म्हणाला. “कारखान्यातली. माझ्या फ्रेमपेक्षाही एक पायरी खालची.”

विक्रमचा चेहरा पडला. “शुअर ना?”

“शंभर टक्के. इथेच ठेव वाटल्यास. पार्ट्सना उपयोगी पडेल.”

“नको, तुला कशाला अडगळ? लावतो कशाला तरी. तू म्हणालास म्हणजे विषयच संपला.”

या वेळी त्याने ती चादरीत गुंडाळली नाही. तशीच गाडीत टाकली. दाराला फ्रेम आपटली तेव्हा हेमचंद्रचा हात आपोआप पुढे झाला आणि त्याने तो खिशात घातला. दुपारी बायकोने, वसुधाने केलेलं भरलं वांगं त्याने पुन्हा मागून घेतलं. गणपती झाले की काहीतरी निमित्त काढून फ्रेम मागून घेऊ, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये होता. त्याच कार्यक्रमात हेमचंद्रच्या पंचाहत्तरीचा सत्कारही उरकायचा होता. वसुधाबरोबर तो पार्किंगमध्ये उतरला तेव्हा ढोलपथकाची तयारी चालली होती. सगळ्यांच्या पुढे केया होती. तिचा ढोल कमरेला नव्हता, भगव्या रंगाच्या एका गाड्यावर होता. हेमचंद्र जवळ गेला आणि भगव्या रंगाखालचे नळ्यांचे जोड त्याने ओळखले.

“कसा झालाय?” विक्रम मागून आला. “मागचा भाग कापला, खाली छोटी चाकं लावली. केयाची पाठ दुखते ना, ढोल झेपत नाही तिला.”

“हेमआजोबा, इट्स सो लाइट!” केया म्हणाली. “एका हाताने पुश होतो!”

विक्रमने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. “स्टेजवर पुन्हा घालतीलच, पण ही माझी. आता सांगायला हरकत नाही. ती फ्रेम तुझ्यासाठी होती. यार्ड सेल वगैरे सगळं खोटं. वर्षभर शोधत होतो, तेवढ्यासाठी तर या भानगडीत पडलो. पार वर मेन राज्यात जाऊन आणली. पण एल्डन ओळखणारा तूच एक, दुसऱ्या कुणाला विचारणार? तू साधी म्हणालास. म्हटलं, हेमला साधी काय द्यायची? मग शेवटी शालच आणली.”

हेमचंद्रने नारळ वसुधाकडे दिला आणि खाली वाकून गाड्याच्या नळीवर नखाने टिचकी मारली. कापलेली होती, तरी वाजली. त्याचा हात तळाच्या आडव्या नळीखाली गेला. भगव्या रंगाच्या थरातूनही पानाच्या कडा अंगठ्याला लागल्या.

विक्रम त्याच्याकडे बघत होता. त्याचं हसू मावळत चाललं होतं.

“काय रे? कापायला नको होती का?”

हेमचंद्रने अंगठा तिथेच ठेवला.

“छे रे,” तो म्हणाला. “साधीच होती.”