शेजारची रिकामी जागा

नाताळच्या आधीचा रविवार होता. नारायणगावच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेणाऱ्या एस्तेरबाई राजुरीहून प्रवासी जीपमध्ये बसल्या. इस्त्रीची नवी साडी चुरगळू नये म्हणून त्यांनी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. तेवढ्यात डोक्यावर मळकं बोचकं घेतलेली एक म्हातारी दाराशी आली.

"बाई, जरा सरकता का? नातीला नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलंय."

एस्तेरबाईंनी बोचक्याकडे पाहिलं. "पुढच्या फाट्यावर आमचं माणूस चढणार हाये," त्या बोलून गेल्या.

"बरं बाई," म्हणत म्हातारी मागं सरली. तिला तिथंच सोडून जीप निघाली. फाट्यावर कुणीच चढलं नाही. ड्रायव्हरनं आरशातून एकदा त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

संडे स्कूलमध्ये एस्तेरबाई येशूच्या जन्माची गोष्ट रंगवून सांगू लागल्या. पण मरिया आणि योसेफाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, इथवर आल्या आणि त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"पोरांनो, आज मी एका आजीला जागा असून नाय म्हणाले," म्हणत त्यांनी झालेलं सगळं सांगून टाकलं.

पुढं बसलेल्या रिबेकानं विचारलं, "बाई, मग ती आजी दवाखान्यात कशी गेली?"

"मला ठाऊक नाय गं."

तास संपल्यावर त्या गावातले दवाखाने एकेक करून फिरल्या. म्हातारीचं नावही माहीत नव्हतं, कुणाला काय विचारणार? शेवटी एका दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी त्या अनोळखी नातीसाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी क्षमा मागायला मात्र त्यांची जीभ रेटेना.